ज्वारी निवडणाऱ्या बाईचा तुकडा

उस्ताद, तुमची तब्येत कशी आहे? गुडघा अजून धरतो का? चाचींचा दमा बसला का? आणि गेटावर तिकिटं फाडणारे आपले मामा, त्यांना तिथं तरी नीट चष्मा मिळाला का? गेलेल्या माणसांची खुशाली विचारतोय म्हणून हसू नका. मी बरा आहे. पंचाहत्तरी ओलांडली, जेवण अजून गोड लागतं.

परवा नात बीडहून आली आणि मोबाईलवर सिनेमा लावून दिला. आपल्या त्या दिग्दर्शकाचा, ज्याच्या पहिल्या दोन सिनेमांवर तुमचा जीव होता. "ह्याला घाई न्हाई बघ. म्हातारा उठायला लागला, तर उठेस्तोवर थांबतो," असं तुम्ही सिनेमाच्या मशीनला तेल देता देता म्हणायचात. मधल्या काळात तो बदलला, खरंच. गाणी आली, मारामाऱ्या आल्या, डोळा ठरेना. पण म्हातारपणी त्यानं सगळा पसारा आवरलाय. ह्या सिनेमात एक बाप स्टँडवर लेकीची वाट बघत बसतो. बस येते, जाते. बाकी काही नाही. पूर्वी तो थांबायचा तेव्हा चित्र देखणं दिसायचं, आता नुसता माणूस दिसतो. तुम्ही शेजारी हवे होतात.

तुम्ही त्याचे सिनेमे सोडलेत ते माझ्यामुळं. घाटनांदूरला आपल्या टुरिंग टॉकीजचा तंबू होता. तुम्ही तापानं फणफणलेले, म्हणून त्याचा तिसरा सिनेमा मी एकट्यानं चालवला. त्यात एक बाई सुपात ज्वारी निवडत बसते, लई वेळ. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पडद्यावर ढेकळं फेकली. "झोपला का बे मशीनवाल्या!" दुसऱ्या दिवशी मी ब्लेडनं तो तुकडा काढला आणि रीळ जोडलं. सगळेच ऑपरेटर करायचे, मला काही वाटलं नाही. संध्याकाळी तुम्ही घोंगडी पांघरून बघायला आलात. बाई बसली न बसली तोच उठली.

"कावून रे, ह्यो बी घाई शिकला?"

"शिकला असंल," मी म्हणालो.

तुम्ही उठून गेलात. पुढं त्याचं रीळ आलं की "तूच चालव" म्हणून बाहेर बाजेवर पडायचात. चौथा सिनेमाही निवांत होता हो, अगदी तुमच्या मनासारखा. पण ते सांगायचं तर ब्लेडचंही सांगावं लागलं असतं. तोंड उघडलं नाही, आणि तुम्ही गेलात.

अजून एक. परवा तो बाप वाट बघत बसला, तर माझं बोट सिनेमा पुढं ढकलायला गेलतं. नातीनं हात धरला, "आबा, बघा की." मग बघितलं.

हे पत्र कुठं टाकायचं ते ठाऊक नाही, गादीखाली ठेवतो. शिव्या घातल्या तरी चालतील, पण लवकर लिहा.