शेवटच्या रांगेतली खुर्ची

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

या लग्नापायी माझं डोकं फिरायची वेळ आलीय. फोटोवाल्यानं आज माझ्याकडून पाठवणीच्या रडण्याची तालीम करून घेतली. वॉर्डात दिवसभर खरं रडणारी माणसं बघून आलेली नर्स मी. मला मेलं रडूच येईना. तर म्हणतो, ताई, जरा भावना आणा.

त्यावर कडी आईची. होणाऱ्या सासऱ्यांची खुर्ची तिनं शेवटच्या रांगेत टाकलीय. ते जन्मापासून बहिरे, नाहीतरी ऐकू येत नाही, पुढे बसून करणार काय, म्हणाली. ज्या माणसानं पुस्तकांची बाइंडिंगं करून एकट्यानं मुलगा वाढवला, तो मागे? आणि तो मुलगा म्हणतो, जाऊ दे, बाबांना सवय आहे! मी लग्नच मोडते.

माया असू दे.
तुझी ठिणगी

१० मार्च

चि. ठिणगीस,
अ. आ.

लग्न मोडायची ही तुझी तिसरी धमकी. पाय प्लास्टरात नसता तर येऊन कान उपटले असते. खुर्ची काय सिमेंटात रोवलीय? उचल आणि पुढे ठेव. स्टेजवर तुम्ही दोघं माइकवरून वचनं देणार म्हणे, त्यातलं त्यांना काय कळणार? दोन वर्षं त्या घरी जातेस. त्यांच्या खुणांच्या भाषेत 'चहा'च्या पुढे गेलीस का? आईवर चिडायला वेळ आहे, शिकायला नाही.

राग आला तरी पत्र पाठव.
तुझी आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिरचीसारखं झोंबलं. ड्यूटी संपली की रोज कँटीनमध्ये बसून नवऱ्याकडून खुणा शिकले. काल लग्नात खुर्ची स्वतः पुढे नेली. आईनं तासभर अबोला धरला.

वचन द्यायची माझी पाळी आली तेव्हा माइक बाजूला ठेवला आणि सासऱ्यांकडे बघून हातांनी सांगितलं, की तुम्हा दोघांना कधी एकटं सोडणार नाही. पण घाबरून बोटं चुकली, आणि झालं 'कधी झोपू देणार नाही'! सासरे असे मोठ्यांदा हसले की अख्खा हॉल वळून बघायला लागला. फोटोवाला म्हणाला, गडबड झाली, पुन्हा करा. त्याला खडसावलं, की वचन एकदाच देतात.

बघते तर नवरा ढसाढसा रडतोय. नंतर म्हणाला, हसताना आवाज विचित्र निघतो, लोक वळून बघतात, हे बाबांना ठाऊक आहे. म्हणून चारचौघांत ते तोंडावर हात ठेवतात.

काल, आत्या, त्यांनी हात ठेवला नाही.

अशीच रागावत राहा.
तुझी ठिणगी