सोफा, शेवंती आणि सुनीती

विश्रांतवाडी, पुणे

ती. सत्यशीलाताईस,

महिपतीचा साष्टांग नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? (फोनवर तू 'बरी आहे' म्हणतेस, ते मी धरत नाही.) आम्ही दोघे ठीक आहोत. सोफ्याची प्रकृती मात्र चिंताजनक आहे.

दीक्षा खराडीची नोकरी सोडून बंगळुरूला गेली, तेव्हा तिची मांजर शेवंती 'आठच दिवस, बाबा' म्हणून आमच्याकडे ठेवून गेली. त्याला चार महिने झाले. ही झोपून उठली की अंग ताणते आणि सोफ्याच्या डाव्या हातावर नखं चालवते. आतला फोम डोकावू लागला तेव्हा सुनीती म्हणाली, "या घरात एक तर ही राहील, नाहीतर सोफा." (माझं नाव कुठल्याच बाजूला नव्हतं.)

मी आधी संत्र्याच्या साली मांडल्या. मांजरांना तो वास सोसत नाही म्हणे. शेवंती सालींशेजारी निवांत बसली, गॅलरीत मी गेलो. मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावली. तिला ती आवडली नाही हे खरं, पण वरच्या मजल्यावरचे उत्तरेश्वर (मूळचे सोलापूरचे) गप्पा मारायला आले, हात टेकून बसले आणि उठताना बाही सोफ्यालाच राहिली. म्हणाले, "पुण्यात एवढा आग्रह पहिल्यांदाच पाहिला."

शेवटी जनावरांच्या डॉक्टर निशाबाईंना विचारलं, नखंच काढून टाकता येतील का? "अहो, त्यात बोटाचं पेर कापावं लागतं. तुमचं कापू?" मी हात खिशात घातले. ओरबाडणं ही तिची गरज आहे, म्हणाल्या; ओरडू नका, फक्त जागा बदलून द्या. मग मी लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून तो सोफ्याला खेटून उभा केला. पहिला डुगडुगला, तिने हुंगून सोडून दिला. दुसऱ्याला जड बूड ठोकलं. तिसऱ्या दिवशी ती पूर्ण ताणून त्यालाच भिडली! नखांची टोकंही आता मीच कापतो.

इथवर मला सगळं समजलं. पण सोमवारी सोफ्याच्या उजव्या हातावर ताजे ओरखडे दिसले. सरळ, सारख्या अंतरावर. शेवंती तर खांब सोडत नाही. निशाबाईंना फोटो पाठवला; त्यांनी उलट विचारलं, "तुमची मांजर काट्या-चमच्याने जेवते का?" ताई, मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय. भावजींना नमस्कार.

तुझा,
महिपती

ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आत कळलं. बाजारातून लवकर परतलो, तर सुनीती शेवंतीला मांडीवर घेऊन जेवणाच्या काट्याने सोफा ओरबाडत होती. "दीक्षा रविवारी हिला न्यायला येतेय," म्हणाली, "तिकडे घर भाड्याचं, फर्निचर मालकाचं. बघू दे तिला हा सोफा." तेव्हा तू दीक्षाला फोन करून सांग की मांजर अजून सुधारलेली नाही. आत्याचं ती ऐकते.

ता. क. २. सोफ्याच्या पाठीवरचे ओरखडे सुनीतीचे नाहीत. तिला ते शेवंतीचे वाटतात. वाटू दे. माझा कंगवा तेवढा मोडला.