मोतीबिंदू नव्हे, नंबर

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

वाशिमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, भरल्या बाकड्यांसमोर, डॉ. उत्कर्ष नावाच्या मुलाने मला "आजी" म्हटलं आणि त्याच श्वासात "मोतीबिंदू" म्हटलं. वेळ तिथल्या तिथे टिपून ठेवली. भिंतीवरचं घड्याळ नीट दिसेना, म्हणून शेजारच्या बाईला विचारली. त्या घड्याळाचे काटेच बारीक आहेत.

मला मोतीबिंदू नाही. मला नंबर आहे. नंबर वाचणाऱ्या माणसाला लागतो. मोतीबिंदू शिबिराच्या गाडीतून येतो, डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत जातो. उभी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली, त्या बाईला मोतीबिंदू कसा होईल?

मुळात गेले ती हरीओममुळे. हा माझा पुतण्या, शेजारीच राहतो. त्याने माझ्या स्कूटीची चाबी काढून घेतली आहे. आमच्या गल्लीतल्या भिवाजीने शिजवलेली हळद सिमेंट रस्त्यावर वाळत घातली होती, तिचा ढीग माझ्या गाडीसमोर आला. एवढंच झालं. हरीओम म्हणतो, "काकू, ढीग कसा येईन समोर? तुमाले दिसून नाई राह्यलं. आधी डोये दाखवा, मंग चाबी घ्या."

भिवाजी त्याहून वरचढ. त्याची अर्धी हळद नालीत, आणि मलाच विचारतो, "मॅडम, लागलं तं नाई तुमाले?" असला मोठेपणा मला सहन होत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

निश्चय: १) दवाखान्याला ते दोन्ही शब्द लेखी मागे घ्यायला लावणे. २) चाबी परत मिळवणे. ३) तोवर काळी-पिवळी जीपमध्ये न बसणे.

दुपारी बँकेच्या कामाला मंगरुळपीरला जावं लागलं. काळी-पिवळीतच. मांडीवर कोणाची तरी कोंबडी.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

मार्ग सापडला. हरीओमची मुलगी वैभवी, लहानपणापासून जाड चष्म्याची. तिने मागच्या वर्षी नागपूरला डोळ्यांत लेन्स बसवून घेतली. इम्प्लांटेबल लेन्स. चष्मा गेला. मला हेच हवं. मोतीबिंदूचा प्रश्नच उरत नाही.

फोन केला. म्हणाली, "आंटी, ती लेन्स आपल्या लेन्सच्या समोर बसवतात, आपली तशीच राहते. पण ती तरुण लोकांना करतात."

आंटी म्हणायचं तिला मी शिकवलं. बाकी शिकवायचं राहून गेलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी.

पुन्हा वाशिम. वय विचारलं. साठच्या आत-बाहेर, असं सांगितलं. त्या डॉक्टर मुलाने आधार कार्ड मागितलं. आजकाल विश्वास म्हणून राहिला नाही.

मग बरंच समजावलं. वैभवीची लेन्स स्वच्छ होती, म्हणून तिच्यावर दुसरी बसवली. माझी स्वतःची धुरकट झाली आहे, ती काढून तिच्या जागी नवी बसवायची. आधी डोळ्याचं माप, मापावरून लेन्सचा नंबर. एका वेळी एकच डोळा, आधी उजवा. डाव्यातही आहे, तो नंतर. दूरचं स्वच्छ दिसेल, वाचायला मात्र चष्मा लागेल.

मी विचारलं, "पण लेन्सच बसवणार ना?" तो म्हणाला, "लेन्सच बसवणार."

झालं तर. घरी येऊन सांगितलं, व्हिजन करेक्शन आहे. हरीओम बायकोला म्हणाला, "काकूचं मोतीबिंदूचं पाच तारखीले हाय." या घरात कोणी नीट ऐकतच नाही.

बुधवार, ५ मार्च. संध्याकाळ. एका डोळ्याने लिहिते आहे.

आजचा दिवस मी शांतपणे पार पाडला. सुई नाही. नुसते थेंब, पुन्हा थेंब, बाहुली मोठी होईपर्यंत बसून राहायचं. शेजारी भिवाजीची आई, वच्छलाबाई. सरकारी शिबिरातून आलेल्या. तोच डॉक्टर, तेच थेंब. म्हणाल्या, "मॅडम, तुमीबी?" मी म्हटलं, माझं वेगळं आहे.

आत डोळ्यावर मोठा उजेड. डॉक्टर म्हणाला, "लूक ॲट द लाइट ओन्ली." ओन्ली चुकीच्या जागी होतं, ते मी पडल्या-पडल्या सुधारलं. तो म्हणाला, "आजी, बोलू नका, डोळा हलतो." दुखलं नाही, पाणी वाहिल्यासारखं वाटलं. चहा निवतो तेवढ्या वेळात आटोपलं. मी घाबरले नव्हते. नर्सचा हात माझ्या हातात होता, तो तिने सोडवून घेतला नाही, एवढंच.

गुरुवार, ६ मार्च.

पट्टी निघाली. लेन्समध्ये दोष असावा.

माझी क्रीम रंगाची साडी पांढरीफेक निघाली. फ्रिजही पांढरा. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत एका रात्रीत जाळी झाली आहेत. न्हाणीघराच्या आरशात फार सुरकुत्या आहेत, तो बदलावा लागेल.

सूचना: डोक्यावरून अंघोळ नाही, चुलीजवळ जायचं नाही, डोळा चोळायचा नाही, वाकायचं नाही, रात्री डोळ्यावर कव्हर, दिवसभर थेंब. काळा गॉगल दिला आहे. मी वैभवीचा घातला. त्याला सनग्लासेस म्हणतात.

रविवार, ९ मार्च.

गल्ली लोटली आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाला "पाहाले" यायचं, बिस्किटपुडा आणि केळी आणायची, आणि आपल्याकडे कोणाचा डोळा कसा गेला ते सांगायचं. सगळे विचारतात, "मोतीबिंदूचं कसं हाय?" मी प्रत्येकाला व्हिजन करेक्शन समजावते. ते मान डोलावतात आणि पुढच्याला सांगतात, "मोतीबिंदूचंच हाय, पण मॅडमले राग येते."

वच्छलाबाईही आल्या, काळा गॉगल लावून. म्हणाल्या, "आपलं दोघीचं सारखंच झालं, बाई." मी म्हटलं, तुमचा मोतीबिंदू, माझी इम्प्लांटेबल लेन्स. त्या म्हणाल्या, "व्हय बाई, मलेबी त्यानं तेच भिंग टाकलं. आता वट्ट्यावर बसल्या-बसल्या सारी गल्ली दिसते. हयदीची राखण मायाच कडं हाय."

त्यांना उगीच केळं दिलं.

शुक्रवार, १४ मार्च. धुळवड.

डोळ्यात रंग, पाणी जाता कामा नये, म्हणून दिवसभर खिडकीत. तिथून स्कूटी दिसते. सीटवर धूळ आहे, तीही दिसते. हरीओमने तिला एकदाही पुसलं नाही. म्हटलं तर म्हणाला, "काकू, एक सांगू काय? त्या दिवशी तुमी ब्रेक दाबता दाबता रेस पण देऊन राह्यल्या होत्या." मी म्हटलं, गाडीवर मी काय करते ते मला कळतं. मी मॅन्युअल वाचून शिकले आहे, इंग्रजीतलं. तू मॅन्युअल उघडलं तरी आहेस का?

शुक्रवार, ४ एप्रिल.

विजय. तपासणी झाली. शेवटच्या ओळीतली अक्षरं वाचली, खालचं छापखान्याचं नावही वाचलं. डाव्या डोळ्याचं काय, असं डॉक्टरने विचारलं. गरज नाही, मला मोतीबिंदू नाहीच, असं सांगितलं. तो म्हणाला, थोडाच आहे, थांबलं तरी चालेल. मग मी त्याच्याकडून लेखी घेतलं: "नजर उत्तम, दुचाकी चालवण्यास हरकत नाही." सही, शिक्का.

आल्याबरोबर हरीओमच्या फ्रिजवर चिकटवलं. वाचून त्याने चाबी दिली. पण अट घातली: पुन्हा काही झालं तर गाडी विकायची. मी म्हटलं, मंजूर. नजर उत्तम असल्यावर होणार काय?

सोमवार, ७ एप्रिल.

सकाळी निघाले. गल्ली आरशासारखी लख्ख. ढीग लांबूनच दिसला. पिवळाधम्मक. एक-एक कांडी वेगळी दिसत होती. ताडपत्रीवरचं खताच्या कंपनीचं नाव वाचलं. वट्ट्यावर वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या, तेही दिसलं.

मी ब्रेक दाबला. गाडीने वेग घेतला.

या वेळी नालीत हळद गेली आणि मीही. भिवाजीने हात देऊन काढलं. "मॅडम, लागलं तं नाई?" हरीओम धावत आला, म्हणाला, "आता डोयाचं नाव घेऊ नका, काकू." मी म्हटलं, गाडीतच दोष आहे. तेवढ्यात वट्ट्यावरून वच्छलाबाई, साऱ्या गल्लीसमोर: "गाडीचं काई नाई रे बाबा. मी पायलं ना चांगलं. ब्रेकसंगं रेस देल्ली मॅडमनं. मूठ फिरवून राह्यल्या होत्या."

सरकारने म्हाताऱ्या बायकांना इतकं स्पष्ट दिसेल असं काही करू नये.

मंगळवार, ८ एप्रिल. पोस्टात टाकायच्या पत्राचा मसुदा.

डॉ. उत्कर्ष यांस,

दि. १७ फेब्रुवारी रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी आपण मला मोतीबिंदू असल्याचं सर्वांसमक्ष सांगितलंत. तो आरोप मी तेव्हा फेटाळला होता. आता मान्य करते. डाव्या डोळ्यात तो अजूनही आहे, आणि आपण म्हणता तसा थोडा मुळीच नाही.

सबब ४ एप्रिलचा दाखला आपण ताबडतोब रद्द करावा, आणि कालचा प्रकार निव्वळ मोतीबिंदूमुळे घडला, चालक म्हणून माझ्यात काही उणं नाही, असं सही-शिक्क्यानिशी कळवावं. डावा डोळा आपण म्हणाल त्या दिवशी देते. वय अडुसष्ट लिहा. आधारवर आहेच.

शनिवारी सकाळी किन्हीराजा गावचा एक माणूस माझी स्कूटी न्यायला येतो आहे. हरीओमने त्याला शब्द दिला आहे. तरी उत्तर लेखीच हवं, आणि शुक्रवार, ११ एप्रिल, संध्याकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हातात हवं. पाकिटावर "आजी" लिहिलंत तरी चालेल.