मोदकांचं निवेदन

२० ऑगस्ट
करोल बागेतल्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष दिनकरराव यांनी विचारलं, यंदा गणपतीत मराठी निवेदन कोण करणार? मी हात वर केला. दिल्लीत सरकारी नोकरीला आलो तेव्हापासून डोळा आहे त्या माईकवर. शेवटी मिळाला! संकल्प: आजपासून हिंदीचा एक शब्द नाही. बिल्कुल नाही.

२१ ऑगस्ट, सकाळी
संकल्प ऐकून अलका म्हणाली, 'बिल्कुल' हिंदी आहे. बायकोला नवऱ्याचं चांगलं बघवत नाही.

२३ ऑगस्ट
देवयानी ओरडली, बाबा, दूध गिरलं. मी जाम गुस्सा झालो. म्हटलं, सांडलं म्हण, भाषेत भेसळ नको. तर म्हणते, गुस्सा मराठी आहे का? कार्टी आईवर गेलीय.

२६ ऑगस्ट
निवेदन पाठ. अलका म्हणाली, एकदा ऐकवा तरी. नाही ऐकवलं. बुलढाण्याचा माणूस मी. मराठी माझ्या खुनात आहे.

२७ ऑगस्ट, संध्याकाळी
पहिली आरती झाली. माईक हातात. आवाज खणखणीत. म्हणालो, भक्तहो, वैजयंतीकाकूंनी सोवळ्यात केलेले मोदक आता मी स्वतःच्या हाताने बाटवणार आहे. कोणालाही न बाटवता घरी सोडणार नाही! एकदम सन्नाटा. लोक भारावले. काकू मोदकांवर ताट झाकून उठून गेल्या. भावनावश झाल्या असणार.

तीच तारीख, घरी
अलका पोट धरधरून हसली. म्हणाली, अहो, बाटवणं म्हणजे विटाळणं, अपवित्र करणं. हिंदीत बांटना, मराठीत वाटणं. मी म्हटलं, पण वाटतात ती चटणी! मोदक कसे वाटणार? मग म्हणाली, काकू पहाटेपासून मोदक उकडत होत्या, जाताना डोळे पुसत होत्या. फार वाईट वाटलं. (हे 'वाटलं' बरोबर आहे, विचारून घेतलं.)

२८ ऑगस्ट
काकूंचे पाय धरले. म्हणाल्या, जाऊ दे रे, दिल्लीत वाढलेल्या मुलांचं असंच होतं. मी बुलढाण्यात वाढलो हे बोललो नाही.
दिनकररावांनी मराठी निवेदन तेजश्रीला दिलं. मुनिरकात राहून यूपीएससी करते, मूळची सातारची. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, श्यामकांत, आजूबाजूचे दिल्लीवालेही दर्शनाला येतात. हिंदी निवेदन तुम्ही करा. इतकी अस्सल हिंदी मंडळात दुसऱ्या कोणाची नाही.
हो म्हणालो.