मिरजेची व्यवस्था

सोमवार, ६ नोव्हेंबर १९७८

दिवाळीची सुट्टी संपली. रोजनिशी आजपासून पुन्हा सुरू. ती केवळ माझ्यासाठी आहे. म्हणून येथे अलंकार नकोत, सत्य हवे.

सौ. सरोजिनी गेली त्यास चार महिने होत आले. (मृत्यूनंतर 'सौ.' लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु घरात कागद इकडेतिकडे पडतात आणि मुलीला, शालनला, वाचता येते. रोजनिशी कुलपात असते, हा भाग वेगळा.) मी सावरलो आहे. सुशिक्षित मनुष्याने दुःखालाही वेळापत्रक लावावे.

आनंदाची गोष्ट: आमच्या बालरुग्णालयाच्या मंडळाने माझी 'बालमन-तपासणी' योजना मंजूर केली. कार्यालयीन अधीक्षकाने अशी योजना मांडावी, याचे काहींना नवल वाटले. बी. ए.ला माझा विषय मानसशास्त्र होता, हे ते विसरतात. मूल खोकला घेऊन येते, आपण खोकला तपासतो. त्याच्या मनाला घरी कोणता धक्का बसला आहे, हे कोणी विचारत नाही. यापुढे ओपीडीत प्रत्येक मुलाला विचारले जाईल. पालक पडद्याबाहेर, मूल पडद्याआत. मुलाला प्रथम बसवायचे, त्याचा हात हाती घ्यायचा, थोडक्यात बोलायचे, आणि त्याच्याशी खोटे कधीही बोलायचे नाही. इंजेक्शनला 'मुंगी चावते' म्हणणाऱ्या परिचारिकेला लेखी समज दिली जाईल.

शालन आठ वर्षांची आहे. आई मिरजेच्या दवाखान्यात आहे, उपचार लांबले आहेत, एवढेच तिला सांगितले आहे. हे खोटे नव्हे. ही व्यवस्था आहे. सौ.ला मिरजेला नेले होते, हे तर खरेच आहे. यंदा आकाशकंदील लावला नाही, फराळ केला नाही, तरी पोरीने एकदाही कारण विचारले नाही. उलट रोज संध्याकाळी मला म्हणते, "आई बरी होत असंल की, बाबा." व्यवस्था उत्तम चालली आहे.

बुधवार, ८ नोव्हेंबर

तपासणीचा पहिला दिवस. पडद्याआत सिस्टर जरीना मुल्लाणी. मी निरीक्षणासाठी.

पेठ वडगावच्या एका चिमुरडीला विचारले, तुला सर्वांत जास्त भीती कोणाची वाटते? तिने माझ्याकडे बोट दाखवले. शेरा: अनिर्णित.

ताजबी नावाच्या बाईने पडद्याबाहेरून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असे सांगितले, "सायेब, पोराला जुलाब हाईत. त्याच्या सपनात काय येतंय ते मागनं इचारा की! आधी गोळी द्या." डॉ. हिरेमठ हसले. हे आमचे बालरोगतज्ज्ञ, मनुष्य विद्वान, पण गंभीर नाही. म्हणाले, "सयाजीराव, पोरांच्या मनात उतरताय ते बरंच आहे, पण रांग पार रस्त्यावर गेली."

एक यश मात्र निर्विवाद. नेसरीहून आलेल्या शिवय्याचा मुलगा झोपेत किंचाळतो. पडद्याआत कळले की आजोबा वारले, आणि पोराला सांगितले आहे की ते 'गावाला गेलेत'. मी शिवय्याला बोलावून स्पष्ट शब्दांत सुनावले. अशा भाबड्या थापांनीच बालमन पोखरते, मूल वाट पाहत राहते, हा अपराध आहे. तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलंच सायेब. पर त्वांड उघडंना माझं." सिस्टर जरीना माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. माझे बोलणे त्यांना पटले असावे.

शनिवार, ११ नोव्हेंबर

मिरजेहून निमंत्रण! २ डिसेंबरला तेथे बालआरोग्यावर परिसंवाद आहे. 'बालमनावरील आघात आणि त्यांचा प्रतिबंध' या विषयावर मी बोलायचे आहे. त्याआधी एकदा जाऊन सभागृह पाहून यावे, आयोजकांना भेटावे, म्हणून आजच निघण्याचे ठरवले होते.

पिशवी उचलली आणि शालनच्या पोटात दुखू लागले. भिंतीला टेकून खाली बसली. जाणे रद्द. गाडीची वेळ टळल्यावर तासाभरात तिने भडंग खाल्ले. निदान: चिंचा. शाळेच्या फाटकाशी चिंचा विकणाऱ्या बाईविरुद्ध मुख्याध्यापिकांना पत्र लिहावे.

मिरजेला आज जाता आले नाही, याचे मला वाईट वाटले. खरोखर वाटले.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

भाषणाचा मसुदा पूर्ण. शालन जेवत असताना तिला मोठ्याने वाचून दाखवतो. उच्चारांचा सराव होतो. अप्रिय वार्ता कशी सांगावी, हा भाग मला स्वतःलाच फार आवडला. ती घास हातात धरून ऐकत होती. मग विचारले, "बाबा, मोठ्या माणसांना पण धक्का बसतोय?" मी सांगितले, मोठ्यांची मने घडलेली असतात, त्यांच्याकडे विवेक असतो. तिने विचारले, "आणि कुणाकडं नसला तर?" मी म्हणालो, 'कुणाकडं' नव्हे, 'कोणाकडे'. ती सौ.च्या कपाकडे पाहत राहिली.

कपाबद्दल नोंद करून ठेवतो. चहाच्या वेळी सौ.चा कप पूर्वीप्रमाणे मांडला जातो. तिची निळी साडी दर मंगळवारी धुऊन दोरीवर पडते. घरात एकदम बदल दिसला तर मुलाला शंका येते. हे सर्व शालनसाठी आहे. कामाला येणाऱ्या झुंबरबाईंना हे पटत नाही. "त्यो च्या वाया जातोय म्हणून मीच पिते रोज. आता रागवा न्हाईतर काय बी करा." मी रागावलो नाही. मात्र कप पुन्हा विसळून जागेवर ठेवावा, अशी सूचना दिली.

शनिवार, १८ नोव्हेंबर

मिरजेला जाण्याचा दृढ संकल्प. बूट नाहीसे. सर्व घर धुंडाळले. गाडी गेल्यावर ते तांदळाच्या डब्यात सापडले. शालन कबूल होईना, नाकारीना, नुसती उभी. बालसुलभ खोडी म्हणून सोडून दिले. तांदूळ निवडायला बसवले.

दुपारी कागलहून मेहुणे हंबीरराव आले. सौ.च्या अखेरच्या दिवसांत आणि पुढे दिवसकार्य होईपर्यंत शालन त्यांच्याकडेच होती. दारातूनच आवाज: "दाजी, ही दोरीवरची साडी बघून माझ्या काळजाचं पाणी झालं बघा. पोरीला सांगून टाका की एकदा! सारं कागल जाणतंय." मी त्यांना बालमानसशास्त्र समजावून सांगितले. ते म्हणाले, "तुमचं शास्त्र ऱ्हाऊ द्या तिकडं. पोरगी वाळलीय." मी विचारले, तुमच्याकडे असताना तिला कोणी काही बोलले तर नाही ना? त्यावर, "आता बायकांच्या तोंडाला हात कोण लावणार?" एवढेच.

हे उत्तर नव्हे. परंतु ज्या अर्थी पोर काहीच विचारत नाही, त्या अर्थी तिला काहीच ठाऊक नाही. हे तर्कशुद्ध आहे.

शनिवार, २५ नोव्हेंबर

शालन शाळेत गेल्यावर, तिला न सांगता निघालो. स्टेशनवर पोहोचलो. तिकीट काढले. गाडीत जागाही मिळाली, खिडकीची. मग आठवले की औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या खिशात आहे. उतरलो.

किल्ली दुसरीही असते, असे आमचा शिपाई इलाही म्हणाला. तत्त्वाचा प्रश्न होता.

पूर्वभेट अनावश्यक आहे, या निष्कर्षाप्रत आलो. सभागृहे सर्वत्र सारखीच असतात.

बुधवार, २९ नोव्हेंबर

शालनच्या बाईंनी शाळेत बोलावून घेतले. म्हणाल्या, ती डबा खात नाही, नखे कुरतडते, मधल्या सुट्टीत फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे पाहत असते. विचारले तर म्हणते, "बाबा गेले का ते बघतेय." मी बाईंना सांगितले की हा गणिताचा ताण आहे. बाई म्हणाल्या, गणितात ती पहिली आहे. ताण त्यामुळेच असणार.

डॉ. हिरेमठांना सहज बोललो. त्यांनी चष्मा काढला, या वेळी हसले नाहीत. "तिला एकदा पडद्याआत बसवा, सयाजीराव." मी नम्रपणे सांगितले की योजना गरजू कुटुंबांसाठी आहे.

शुक्रवार, १ डिसेंबर

उद्या. रुग्णालयाची गाडी सकाळी मला आणि डॉ. हिरेमठांना मिरजेला नेणार. भाषण पाठ. कोटाला इस्त्री.

दवाखाना वाटेत लागतो, असे ड्रायव्हर म्हणाला. दुसऱ्या रस्त्याने नेता येईल का, हे विचारून ठेवले आहे. वेळ वाचावा म्हणून.

शालनला सांगितले, उद्या मी मिरजेला जात आहे. तिने विचारले, "दवाखान्यात जाणार? आईला बघायला?" मी म्हणालो, वेळ मिळाला तर. तिने ताट सारले. रडली नाही. समजूतदार आहे.

शनिवार, २ डिसेंबर

सकाळी. शालन पोट धरून जमिनीवर. उलटी झाली. या वेळी चिंचा नाहीत. कालपासून पोटात अन्नच नाही. झुंबरबाई ओरडल्या, "आता तरी भाषाण सोडा!" उचलून रिक्षात घातले. अंगाला वजनच नव्हते. हे माझ्या आधी कसे लक्षात आले नाही?

रुग्णालय. डॉ. हिरेमठांनी पोट दाबले, ती किंचाळली. अपेंडिक्स असू शकेल, म्हणाले, थांबणे धोक्याचे. आमचे शस्त्रक्रियेचे डॉक्टर परिसंवादासाठी कालच मिरजेला गेलेले. गाडी दारात उभी. "हिला घेऊनच मिरजेला जाऊ. चला, सयाजीराव, बसा."

तिने कॉटची सळई दोन्ही हातांनी पकडली. सोडवेना. एवढ्याशा बोटांत एवढा जोर. "मिरजेला नको! बाबांना मिरजेला नेऊ नका! बाबांना नका नेऊ!"

सिस्टर जरीना थबकल्या. "बाबांना?" असे म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू: "साहेब, पालक पडद्याबाहेर."

नियम माझाच होता. बाहेर गेलो.

रविवार, ३ डिसेंबर

अपेंडिक्स नव्हते. मिरजेला जाणे रद्द, असे डॉक्टरांनी मोठ्याने सांगितल्यावर थोड्या वेळात पोट मऊ झाले. आज तिने भाकरी खाल्ली.

कालचे लिहिणे भाग आहे.

पडदा जाड कापडाचा आहे, पण ऐकू येते. ही योजनेतील उणीव मला पूर्वी सुचली नव्हती. सिस्टरनी विचारले, घरात असे काही आहे का, जे तू कोणाला सांगत नाहीस? शालन म्हणाली, "हाय."

कै. सरोजिनीचे तिला कागलातच कळले होते. मामीने जवळ घेऊन सांगितले होते. ती घरी आली तेव्हा मी तिला म्हणालो की आई मिरजेला आहे, बरी होत आहे. मग मी कप मांडला. मग साडी धुवायला टाकली. "तवा मला कळलं," ती सिस्टरना सांगत होती, "बाबांना कुणी सांगितलंच न्हाई. ते वाट बघत्यात. मिरजेला गेले की त्यांना तिथं कळणार, एकट्याला. सोबत कोण न्हाई. तुम्ही सांगू नका हं. त्यांना धक्का बसंल."

डॉ. हिरेमठ खिडकीकडे तोंड करून उभे होते. बाहेर रांग नेहमीसारखीच होती, आणि शनिवार असल्याने जास्तच.

मी पडदा सारला. मी सर्व ऐकले आहे, हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळले. घाबरेल असे वाटले होते. ती कॉटवरून उतरली आणि मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर तिने मला बसवले. माझा हात हातात घेतला. थोडी थांबली, जेथे मसुद्यात मी थांबण्याची सूचना लिहिली आहे, तेथेच.

म्हणाली, "बाबा, आई न्हाई आता. मिरजेतच गेली. ती परत येणार न्हाई."

मी 'नाही' अशी दुरुस्ती केली नाही.

हे मला ठाऊक आहे, दवाखान्यात मी जवळच होतो, असे तिला सांगण्यासाठी तोंड उघडले. निघाले ते वेगळेच. असा आवाज मी यापूर्वी काढल्याचे स्मरत नाही. स्मशानात तर नाहीच. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पडदा अर्धा उघडा होता. सगळी ओपीडी पाहत होती. ताजबीने पदर डोळ्यांना लावला.

पेठ वडगावची ती चिमुरडी पुढे येऊन सिस्टर जरीनांना विचारू लागली, "ह्यांस्नी काय झालं? सुई टोचली व्हय?"

सिस्टर म्हणाल्या, "न्हाई गं. मुंगी चावली."

लेखी समज द्यावयाची होती. राहून गेले.