म्हातारी, भोपळा आणि सरकारी वजनकाटा

सोम. १७ नोव्हें.
डोकं फिरलंय. अंगणवाडीत म्हातारी-भोपळ्याची गोष्ट सांगत होते. बावीस वर्षं हीच सांगतेय. म्हातारी वाघाला म्हणते, लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग खा. चार वर्षांची सलोनी मध्येच उठली, "बाई, आन् लेकीला तूप कोन देतं?" तिला गप्प बसवलं. घरी येईपर्यंत स्वतःचाच राग राग.

दिवाळीत शेवगावला लेकीकडे, रेखाच्या सासरी, चार दिवस राहून आले. पोटभर खाल्लं. निघताना विहीणबाईंनी पिशवीत डांगर घातलं, चांगला मोठा लाल भोपळा, मी खूश. पोटुशी पोर सगळ्यांच्या मागून जेवायची. तिच्या ताटात काय होतं, मला आठवत नाही. पोटच्या लेकीचं ताट, आणि आठवतच नाही!

बुध. १९
रेखाचा फोन. सातवा लागला, डॉक्टर म्हणतात रक्त कमी. म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरीच, आत्ताच न्यायला येते. विहीणबाईंनी फोन ओढला. "नवव्यात न्या की. कापूस फुटलाय, वेचायला बाया मिळंनात. आमी काय उपाशी ठेवलंय व्हय?" 
आमचे हे म्हणतात, "दमानं घे. लेकीच्या संसारात तोंड घालू न्हाई." मग कुठे घालू?

शुक्र. २१
गोष्ट बदलली. म्हातारी पोचते, तर लेकच वाळून काडी. म्हातारी म्हणते, तूप राहू दे, तू बस भोपळ्यात. भोपळा निघाला टुणूक टुणूक. वाटेत वाघ. विचारतो, म्हातारी कुठंय? लेक आतून ओरडते, ती कापूस वेचतेय, तू पण जा, बाया मिळंनात! वाघाच्या कमरेला वेचणीची झोळी बांधली. पोरं लोळून हसली.
सुपरवायझर मॅडमना गोष्टीचा व्हिडिओ पाठवायचा होता. हाच पाठवला.

सोम. २४
मॅडमचा फोन. "पुस्तकात आहे तशी सांगा. लेकीला आणायचं कुठे लिहिलंय?" म्हटलं, वाघ बोललेला चालतो, लेक माहेरी आलेली चालत नाही होय? फोन ठेवून दिला. नंतर आठवलं, नोकरी...
गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं वजन माझ्या वहीत आहे. माझ्या पोरीचं नाही.
रजेचा अर्ज दिला. वजनकाटा पिशवीत घातला. मदतनीस लताबाई म्हणाली, "बाई, ह्यो सरकारी काटा कुटं?" म्हटलं, वाघाचं वजन करायला.

मंगळ. २५, शेवगाव
यांनाही ओढत आणलं. ओट्यावर काटा ठेवला, रेखाला उभं केलं. लग्नाआधी याच काट्यावर होती त्याहून दोन किलो कमी. पोटात सात महिन्यांचं मूल असून कमी!
विहीणबाईंना म्हटलं, "वाचा." त्यांनी वाकून आकडा वाचला. मग म्हणाल्या, "वेचनी कोन करनार?"
"मी."
मला वाटलं, लाजतील. नको नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "बरं हाय."
दुपारच्या नेवाशाच्या एस.टी.त रेखाला आणि यांना बसवून घरी धाडलं. रेखा रडत, "आई, तू?" तिच्यावरही खेकसले. इतके दिवस गप्प का बसलीस? बस हलल्यावर वाईट वाटलं. तिला कोणाजवळ बोलायचं होतं? मी तर डांगर घेऊन परतले होते.

शनि. २९, शेवगाव
बोंडांच्या टोकांनी बोटं सोललीत. जावई बांधावर, मोबाईलमध्ये. मी सगळ्यांच्या मागून जेवते. आज माझ्या वेळेला तूप संपलं होतं.
रेखाचा फोन. अंडी, पालेभाजी खातेय. झोप लागते म्हणाली.
मग लताबाईने अंगणवाडीतून फोन लावून पोरांशी बोलायला दिलं. सलोनी म्हणाली, "बाई, भोपळा तर लेकीनं नेला. आता म्हातारी कशात येनार?"
"चालत येईल."
"आन् वाघ?"
तेवढ्यात विहीणबाईंची हाक आली. "इहीनबाई, अजून दोन एकर ऱ्हायलंय. आन् बाळंतपनाला सव्वा महिना झाला की पोरीला इथंच आनून सोडायचं, ध्येनात ऱ्हाऊ द्या."
झोळी बांधली. कोण आणून सोडतंय, बघते.