तुमचं वाजलं कशावरून

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार, आणि तो वाकून केलाय असं समज. खरोखर वाकले तर मला परत सरळ करायला कुणाला तरी बोलवावं लागतं. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी म्हणाल्या, जिना चढताना फार कुरकुरतो (गुडघा की तू, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही). इकडे आम्ही दोघं गोळ्यांच्या जिवावर ठणठणीत आहोत. पत्रास कारण काहीही नाही. फोनवर तू तीन वाक्यं बोलतोस आणि "घे, वहिनीशी बोल" म्हणून सुटतोस, म्हणून लिहायला बसले. आणि आधीच सांगून ठेवते. आपलं जुनं सभागृह पाडताहेत, त्याआधी जुन्या बँडवाल्यांना एका शेवटच्या संध्याकाळी वाजवायला बोलावलंय, ते आमंत्रण तुलाही आलंय आणि तू त्यावर चहाचा कप ठेवतोस, या विषयावर मी चकार शब्द काढणार नाही.

तर झालं काय, यांना यांच्या गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर सापडला. तोच रे, ज्याच्या डोक्यावर तुझ्या चहाच्या ग्लासाचा गोल डाग आहे. त्याच सभागृहातल्या त्या कार्यक्रमात तुम्ही वाजवायला म्हणून गेलात आणि तुमचं दोघांचंच वाजलं, त्यानंतर आठवड्याभरात यांनी तो रागाच्या भरात विकला होता (म्हणजे आमचं लग्न ठरायच्याही आधी. हे ध्यानात ठेव, पुढे लागणार आहे). मधली सगळी वर्षं तो कुठल्याशा शाळेच्या अडगळीत मोडक्या बाकांखाली पडला होता म्हणे. तिथून जुन्या सामानाच्या दुकानात आला. हे गेले होते टेबलफॅन आणायला आणि आले ते धूड घेऊन. पंखा अजून यायचाय. धुडाच्या पाठोपाठ पायाने दाबायच्या डब्या आल्या. एक डबी आवाज फाडते, एक लांबवते, आणि एक नुसताच लाल दिवा लावते. तिचं काम काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "तुला ऐकू यायचं नाही." मला, दादा, शेजाऱ्यांचा फ्रिज बंद झालेला ऐकू येतो.

त्या अ‍ॅम्प्लिफायरला एक घरघर होती. सगळ्या सुरांना नाही, खालचा एकच सूर छेडला की पोटातून घर्रर्र करायचा. मला वाटलं, बिघडलाय, बरं झालं, परत जाईल. कुठलं काय! हे डोळे मिटून म्हणाले, "ऐकलंस? हा खरा जुना आवाज. आताच्या मशिनींना जन्मात जमायचा नाही." मग तुमचा बेसवाला आला (तोच, ज्याच्या जाड चष्म्यावरून तू त्याचं नाव 'दुर्बीण' पाडलंस आणि अख्ख्या गावाकडून वदवून घेतलंस. बिचारा अजून फोनवर स्वतःच "मी दुर्बीण बोलतोय" म्हणतो). त्यानेही कान लावला आणि म्हणाला, या आवाजात ऊब आहे. मी म्हटलं, ऊब हवी असेल तर शाल देते. दोघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी गुपचूप चहा टाकायला गेले.

त्या संध्याकाळसाठी यांनी होकार कळवून टाकलाय. गाणारा आहे, दुर्बीण आहे, हे आहेत. ड्रम्सवर कोण, असं विचारलं की यांना अचानक बाल्कनीतल्या कुंड्या आठवतात. रोज रात्री जेवण झालं की जुन्या रॉकवाल्यांचे व्हिडिओ लावतात आणि फक्त ड्रमवाल्यांना नावं ठेवतात. हा पळतोय. हा कपडे धुतल्यासारखा बडवतोय. हा केस जास्त आणि ड्रम कमी वाजवतोय. जगात नावाजलेले लोक, पण यांच्या पसंतीला एक उतरेल तर शपथ! परवा असाच एक सगळ्यांत मोठा मानलेला गडी झाला आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "ताकद आहे, पण दादाचा हात नाही." मी ऐकलं हे लक्षात येताच म्हणाले, "तुझा दादा नाही, दुसरा एक दादा." मी कुठे काय म्हणाले होते?

शेवटी ताल धरायला एक मशीन आणलं. मशीन ठेक्याला पक्कं आहे, पण त्याला माणूस कळत नाही. गाणाऱ्याला ठसका लागला तरी ते आपलं धडाडधूम चालूच. हे त्याच्यावर ओरडतात, "अरे, बघ जरा इकडे!" आणि मग गिटार मांडीवर घेऊन नुसते बसून राहतात. तसं त्यांना बसलेलं पाहिलं की मला खरंच भरून येतं. आठवड्याभरात हा गडी "जमणार नाही" म्हणून कळवून टाकेल आणि पुन्हा गिटारला हात लावणार नाही, अशी माझी खात्री आहे.

पण माझं लक्ष त्या घरघरीवर होतं. तुला ठाऊक आहे, लहानपणी मी भिंतीवरचं घड्याळ उघडून बघितलं होतं आणि मार तू खाल्लास. स्वभावाला औषध नाही. एकाच सुराला घरघर का? आधी वाटलं खोलीतलं काहीतरी थरथरतंय. म्हणून यांना तोच सूर वाजवत ठेवून मी खिडकीची तावदानं दाबून पाहिली, फोटो उतरवले, कपाटातल्या बरण्या बाहेर काढल्या, शेवटी स्वतःच्या बांगड्या काढून ठेवल्या. घरघर जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेल्यावर मी ते धूड भिंतीपासून ओढलं. (आधी प्लग काढला होता, तिथे ओरडू नकोस.) त्याची पाठ अर्धी उघडीच असते. आत हात घातला तर धूळ, एक मेलेलं झुरळ, आणि तळाच्या कोपऱ्यात स्पीकरला टेकून अडकलेली एक पत्र्याची डबी. डबीत चष्मा.

डोळ्यांवर चढवला तर भिंतच अंगावर आली. दादा, इतका जाड नंबर आपल्या ओळखीत दोनच नाकांवर आहे. दुर्बिणीचा चष्मा त्याच्या नाकावरून कधी उतरला नाही, आणि दुसरं नाक तेव्हा न्हाणीघरात साबण शोधत होतं. आता आठव. यांना चष्मा लागला लग्नानंतर. असं निदान हे सांगतात. "हिचं अक्षर वाचून डोळे गेले," हा विनोद मी गेली पस्तीस वर्षं प्रत्येक पाहुण्यासमोर हसून गोड करून घेतलाय, आणि सासूबाई जवळ बसून असायच्या, पण त्या माउलीने कधी ब्र काढला नाही. मग लग्नाआधी विकलेल्या धुडात यांचा चष्मा आला कुठून?

मी तिथेच फरशीवर बसले आणि तो सगळा कार्यक्रम डोळ्यांपुढे आला. तुम्ही सराव करायचात छापखान्यामागच्या त्या खोलीत, जिथे एकाने हात पसरले तर दुसऱ्याच्या नाकाला लागायचे. तिथे तू डावी काठी वर केलीस की सगळे थांबायचे आणि तुझा एकट्याचा भाग सुरू व्हायचा. कधी चुकलं नाही. स्टेजवर तुला बसवलं पार मागे, उंच चौथऱ्यावर. तू काठी वर केलीस. दुर्बीण थांबला, गाणारा थांबला, हे मात्र वाजवतच राहिले, तुझ्याकडेच तोंड करून, हसत हसत. वर्गात बाहेर जायची परवानगी मागणाऱ्या पोरासारखा तू काठी धरून बसलास, आणि पडदा पडला. विंगेत सगळ्यांदेखत तू म्हणालास, "याने माझा सोलो खाल्ला. हावरट आहे." हे मूग गिळून उभे. त्या दिवसापासून तू काठीला हात लावला नाहीस, आणि आमच्या घरी आलास की समोर बसलेल्या माणसाबद्दल मला विचारतोस, "तुझ्या नवऱ्याला पेपर वाचून झाला का?"

अंदाजावर जायचं नाही म्हणून मी प्रयोगही केला. हे वाजवत असताना "काचा किती मळल्यात" म्हणून चष्मा काढून घेतला, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि डाव्या हाताने डाव वर केला. हे वाजवताहेत. मी डाव हलवला, टाचा उंचावल्या. हे माझ्याकडे बघून गोड हसले आणि वाजवत राहिले. मग चष्मा नाकावर नेऊन ठेवला, दारात येऊन पुन्हा डाव वर केला. झटक्यात थांबले! म्हणाले, "काय गं, भाजी करपली?"

दादा, त्यांनी तुझा सोलो खाल्ला नाही रे. त्यांना तुझी काठी दिसलीच नाही. स्टेजवर चढताना चष्मा अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीत दडवला होता, तो तळाला घसरून अडकला आणि पुन्हा हाती लागला नसणार. का, तर पहिल्या रांगेत पिवळा ड्रेस घालून मी बसले होते, आणि चष्मेवाल्याचं तू काय करतोस ते रोज दुर्बिणीकडे बघून दिसत होतं. जन्मभर हावरट म्हणवून घेतलं, पण दुर्बीण म्हणवून घ्यायची तयारी नव्हती. मला हसू आवरेना, आणि पाठोपाठ रडूही. आणि रागाचं म्हणशील तर माझाही हिशेब निघतोच की. "स्टेजवरून मला फक्त तू दिसत होतीस," या एका वाक्यावर मी लग्नाला हो म्हटलं होतं! माझ्या शेजारी सभागृहाचा खांब होता. हा माणूस त्या दिवशी खांबाकडे बघून लाजला असला तरी मला आता काय कळणार?

असो. वहिनींना नमस्कार, तुझ्या नातीला गोड पापा. गुडघ्याला शेक घेत जा. पोचल्याचं कळव, पण वहिनींकरवी नको.

तुझी,
नसती चौकशी करणारी
धाकटी

ता. क. चष्म्याची डबी मी होती तिथेच परत ठेवलीय. काढली त्या दिवशी हे वाजवायला बसले आणि कासावीस झाले, "याचा प्राण गेला" म्हणाले. दुर्बीणही येऊन हळहळून गेला. आता घरघर सुरू आहे, दोघं खूश आहेत. तूही कुठे बोलू नकोस.

ता. क. २. वहिनी म्हणाल्या, माळ्यावरच्या ड्रम्सवर चादर आहे, पण त्या चादरीवर धूळ नाही. मी म्हटलं, असेल, तुम्ही टापटीप आहात. तर म्हणाल्या, मी माळ्यावर चढत नाही. मग एवढ्या कुरकुरत्या गुडघ्याने जिना कोण चढतं? मी आपलं सहज विचारते.

ता. क. ३. पाकीट चिकटवलेलं नाही. डिंक संपलाय असं मी यांना सांगितलंय आणि फिरायला जाताना पेटीत टाका म्हणून त्यांच्याच हातात देतेय. माझी पत्रं हे कधीच वाचत नाहीत (असं निदान हे सांगतात).

ता. क. ४. अक्षर माझं आहे, ओळखशील. डिंक डब्यात भरपूर आहे. पत्र वाचलं, चष्मा लावून. खांबाचं तिला सांग, खांब करडा होता. मला पिवळं काहीतरी दिसत होतं आणि मी त्याच्याकडेच बघत होतो. ते मशीन मी परत करून आलो. ड्रम्स घेऊन ये, लेका. या वेळी डावी काठी वर कर. मी थांबतो.

– दुर्बीण नंबर दोन